खांदेपालट : जमिनीवर वल्हवताना दोन्ही अंगांचा सराव

आजचा विषय जरा नवा आहे. लांब स्केटबोर्डवर उभं राहायचं, साधारण माणसाच्या उंचीची काठी दोन्ही हातांत धरायची, आणि काठीच्या रबरी टोकाने रस्ता मागे रेटत पुढे जायचं. याला लँड पॅडलिंग म्हणतात. आपण सरळ जमिनीवरचं वल्हवणं म्हणू. पाय ढकलावा लागत नाही. खांदे, पाठ, पोट आणि कंबर मिळून काम करतात. व्यायाम उत्तमच आहे, पण त्यात एक खोड आहे, आणि आज आपण तीच बघणार आहोत.

पाण्यात होडी एकाच बाजूने वल्हवली की ती वळायला लागते. उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे. म्हणजे बाजू बदला, हे होडीच सांगते. रस्त्यावर तसं होत नाही. चाकं बोर्डाला बरंचसं सरळ धरून ठेवतात. त्यामुळे एकाच बाजूने अर्धा किलोमीटर रेटत गेलो तरी काही बिघडलं असं वाटत नाही. बिघडतं ते अंगात, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी.

रस्ताही यात भर घालतो. आपले डांबरी रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालणारे, त्यामुळे बोर्ड सतत डाव्या कडेकडे घसरतो. तो परत आत आणायला काठी डावीकडेच मारावी लागते. शिवाय उजवीकडून गाड्या जात असतात, काठी तिकडे काढायला कोण धजेल? बरं, जाताना डावी बाजू झाली म्हणून येताना उजवी होईल असंही नाही. येतानाही आपण रस्त्याच्या डावीकडेच असतो! जाऊन येऊन हिशेब बरोबर होतो, ही समजूत इथे फसते.

आता पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावचा एखादा कष्टकरी माणूस डोळ्यापुढे आणा. विळा, कोयता, कुऱ्हाड, सगळं उजव्या हाताने. कळशी मात्र डाव्या कमरेवर, कडेवरचं मूलही तिथेच. हे शरीर आधीच एका बाजूला घडलेलं असतं. हाडसुद्धा घडतं, बरं का. १९७७ साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाच्या हाडाची एक्स-रेवर मापं घेतली, तेव्हा खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. अशा शरीराला दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास फटके दिले, तर आकडा सारखा होतो, काम सारखं होत नाही. उजवी बाजू पन्नास नीट मारते. डावी तीस मारते, आणि उरलेले वीस कंबर पिळून कसेतरी उरकते.

म्हणून आमचं म्हणणं असं, की सुरुवात कच्च्या बाजूने करायची आणि आकडा तिनेच ठरवायचा. डावीकडून नीट फटके अठराच बसले, तर उजवीकडूनही अठराच. उजवी कुरकुरेल, कुरकुरू दे. नीट म्हणजे काय? काठी पावलाच्या पुढे टेकली, टाचेशी सुटली, वरचा हात डोक्याच्या वर गेला नाही, आणि कंबर बाजूला कलली नाही. कच्ची बाजू कोणती हे ओळखायला शाळेच्या पटांगणातला सपाट, सिमेंटचा तुकडा पुरतो. खडूने रेघ मारा, दहा फटक्यांत कुठवर जाता ते बघा. उलट दिशेनेही हेच करा, म्हणजे वारा आणि जमिनीचा उतार दोन्ही बाजूंना सारखेच आडवे येतील.

आता पायांकडे येऊ, कारण बहुतेक जण फक्त हात बदलतात. डावा पाय पुढे ठेवून आडवं उभं राहिलं की तोंड उजवीकडे असतं. उजवीकडचा फटका छातीसमोर येतो, सोपा. डावीकडचा पाठीकडे, त्यासाठी धड वळवावं लागतं. म्हणजे हात बदलून आपण तेच काम दुसऱ्या बाजूला करत नाही, वेगळंच काम करतो. खरी अदलाबदल हवी तर उजवा पाय पुढे घ्यायलाही शिकलं पाहिजे. हात दोन, पाय दोन, मांडण्या चार. नव्या पायावर पहिले काही दिवस अगदी शिकाऊ वाटतं, तेव्हा वेग नको, हेल्मेट हवं. आणि सराव सपाटीवरच. पोलादपूरहून आंबेनळी किंवा कशेडीकडे जाणारे घाटरस्ते या कामाचे नाहीत.

शिमग्यातली पालखी आठवा. भोई खांदा पार दुखेपर्यंत थांबत नाहीत, त्याआधीच खांदेपालट होते. जात्यावर दळणारी बाईसुद्धा हात आधीच बदलते. आम्ही तेच सुचवतो. दमल्यावर बाजू बदलायची नाही, मोजून बदलायची. कारण दमलेलं अंग चुकीची ढब शिकतं, आणि ती मोडायला नवी शिकण्याहून जास्त वेळ लागतो.

एक खांदा दुखावला तर? तो बरा होईपर्यंत बोर्ड बाजूला ठेवा, कारण काठीला दोन्ही हात लागतात. पण चांगल्या हाताचा व्यायाम, हलकी मुद्गल किंवा डंबेल घेऊन, चालू ठेवता येतो. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९४ साली दाखवलं, की एका हाताला सराव दिला की सराव न दिलेल्या हाताची ताकदही काही प्रमाणात वाढते. नंतरच्या अनेक प्रयोगांत हे पुन्हा दिसलं. ही वाढ थोडी असते, आणि ती मुख्यतः मज्जासंस्थेतली, स्नायू जाड होऊन आलेली नाही. तरी आजारी बाजू अगदीच मागे पडत नाही. मात्र दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा हातात मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर.

पावसाळ्यात ओल्या डांबरावर रबर घसरतं, तेव्हा चार महिने पडवीत मुद्गल फिरवा. तिथेही पहिला फेरा डाव्या हाताचा.