सायकलचे आकडे आणि सीटचे दुखणे

गुडघा दुखतो म्हणून चाळिशीतले एक गृहस्थ ओपीडीत आले होते. सोबत पत्नी. “सायकल चालवता का?” एवढेच मी विचारले आणि त्यांची गाडी सुटली. कार्बनची फ्रेम, गिअरचे दात, टायरमधल्या हवेचा दाब, सगळे तोंडपाठ. बाहेर रांग होती, तरी मी ऐकत राहिलो. बॅडमिंटनच्या रॅकेटबद्दल मीही असाच बोलतो. (आमच्या घरातले मत असे की रॅकेट बदलली, खेळ तोच राहिला.)

“ताई, तुम्हीही चालवता?”

“चालवायचे. आता सोडली.”

“हिला टेक्निकल गोष्टींत रसच नाही हो,” गृहस्थ म्हणाले.

ते औषधे आणायला गेले तेव्हा आमच्या सिस्टरांच्या देखत ताई हळूच म्हणाल्या, “अर्ध्या तासात खाली आग होते, मग बधिर होते. हे कोणाला सांगणार?”

पुरुषांना यंत्रांत आणि बायकांना माणसांत रस असतो, असे म्हटले जाते. आवडीनिवडींच्या अभ्यासांत सरासरी कल तसा दिसतोही. पण दुकानात ज्या तपशिलांची चर्चा होते, ते कोणाच्या शरीराचे असतात? १९७७ साली अमेरिकेत लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पहिली स्पोर्ट्स ब्रा शिवली, ती पुरुष खेळाडूंचे दोन सपोर्टर एकत्र जोडून! धावताना होणारा त्रास त्यांचा स्वतःचा होता, म्हणून शिवण, पट्टा, ताण या सगळ्यांत त्यांनी बारकाईने लक्ष घातले. रस नव्हता असे कोण म्हणेल?

सीटचेही तसेच आहे. बसताना भार कटिबंधाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर यायला हवा. स्त्रियांमध्ये ही हाडे सरासरीने एकमेकांपासून अधिक दूर असतात. सीट अरुंद असली की भार मधल्या मऊ भागावर, तिथल्या नसांवर पडतो. मग बधिरपणा, सूज, कधी केसतोड. जाड गादीची सीट हा उपाय वाटतो, पण हाडे तिच्यात रुततात आणि मधला दाब उलट वाढू शकतो.

माप घरीच घेता येते. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून थोडे पुढे झुकून बसा. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतले अंतर मोजा. सीट त्याहून साधारण दोन सेंटिमीटर रुंद हवी. पॅडच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालू नये आणि घामाने भिजलेली चड्डी लगेच बदलावी. बधिरपणा टिकला, गाठ आली किंवा लघवीला त्रास झाला, तर संकोच न करता दाखवावे.

दोन आठवड्यांनी दोघे परत आले. ताईंचे माप चौदा सेंटिमीटर, सीटही जेमतेम तेवढीच. गृहस्थांनी आपलेही माप घेतले होते, ते ठीक होते. मग जरा घुटमळून म्हणाले, “डॉक्टर, मलाही तिथे मुंग्या येतात. वर्ष झाले असेल.” मोबाइलवर फोटो दाखवला, त्यांच्या सीटचे नाक वर उचललेले होते.

मी सीट सपाट करायला सांगितली. ताईंनी लगेच विचारले, “स्पिरिट लेव्हल लावून बघायची का?”