रोगाची रेषा कोण आखतो?

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांची विचारपूस 'प्रकृती कशी आहे?' या शब्दांनी होते. या साध्या प्रश्नात वैद्यकाचे एक तत्त्वज्ञान दडलेले आहे. प्रकृती ज्याची त्याची असते. तिच्यात बिघाड झाला की ती विकृती. आजचा दवाखाना मात्र प्रथम आकडा विचारतो. यांपैकी कोणता विचार धरावा, यावर पुष्कळदा औषधाची गोळी अवलंबून असते.

रक्तदाबाचेच उदाहरण घ्या. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचे दाबमापक तयार केले. रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये धमनीचे आवाज ऐकून वरचा व खालचा दाब मोजण्याची रीत सांगितली. मोजता येऊ लागले, तसा प्रश्न उभा राहिला: निरोगीपण कोठे संपते? १९५० नंतर इंग्लंडात यावर मोठा वाद झाला. रॉबर्ट प्लॅट यांच्या मते उच्च रक्तदाब हा आनुवंशिक, स्वतंत्र रोग होता. जॉर्ज पिकरिंग म्हणत की, उंचीप्रमाणे रक्तदाबही माणसामाणसांत सलग चढत जातो. मधली रेषा निसर्गाची नव्हे, माणसाची. पुढील संशोधनाने कौल बहुतांशी पिकरिंग यांना दिला.

माणसाने आखलेली रेषा सरकतेही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी ती १४०/९० वरून १३०/८० वर आणली. तेथील प्रौढांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. त्या दिवशी कोणाच्या धमनीत मात्र काहीच घडले नव्हते! युरोपीय तज्ज्ञांनी २०१८ मध्ये १४०/९० हीच मर्यादा कायम ठेवली.

मग ही रेषा केवळ लहरीची म्हणायची काय? तसे नव्हे. उच्च रक्तदाब बहुधा मुका असतो. 'मला बरे वाटते' एवढ्यावर विसंबता येत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या नऊ हजारांवर व्यक्ती होत्या. वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवले, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग सुमारे चतुर्थांशाने घटले. मात्र दाब फार उतरणे, मूर्च्छा, मूत्रपिंडास इजा हे त्रासही अधिक आढळले. लाभ-हानीचा हा तराजू कोठे स्थिर करावा, हे शेवटी मूल्यांनी ठरते.

फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ च्या आपल्या वैद्यकीय प्रबंधात हेच सूत्र धरले होते. सरासरी म्हणजे आरोग्य नव्हे. बदलत्या परिस्थितीशी नव्याने जुळवून घेण्याची शक्ती, ते आरोग्य.

तेव्हा आकडा सीमेवरचा आला, तर गोळी आपल्या मनाने सुरू करू नये, सोडूही नये. डॉक्टरांना एवढेच विचारावे: माझ्या वयाला, माझ्या प्रकृतीला या औषधाने धोका किती टळेल आणि त्रास किती होईल? रेषा तज्ज्ञांनी आखावी. पण तिच्या अलीकडे-पलीकडे जगायचे असते ते आपल्यालाच.