फेरबदल केलेल्या मोटार इंजिनातील जलांश-दूषण : स्रोतनिश्चिती व निदान

प्रास्ताविक

तेल भरण्याच्या झाकणाच्या आतील बाजूस लोण्यासारखा पिवळसर थर दिसला की ‘हेड गॅस्केट गेले’ असा निष्कर्ष अनेक गॅरेजमध्ये तत्काळ काढला जातो. मूळ स्थितीतील मोटारीतही हा अंदाज कधी कधी चुकतो. परंतु नंतर टर्बोचार्जर बसविलेल्या किंवा हवेचे व वायुवीजनाचे मार्ग बदललेल्या इंजिनात तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. गॅस्केट शाबूत असताना इंजिन विनाकारण उघडले जाते. किंवा खरी गळती ‘साधा ओलावा’ म्हणून दुर्लक्षित राहते आणि क्रँकशाफ्टची बेअरिंग निकामी होतात. म्हणूनच तेलात पाणी आहे किंवा नाही यापेक्षा ते कोणत्या मार्गाने आले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पाणी येते कोठून?

पहिला स्रोत स्वतः ज्वलन हाच होय. ऑक्टेनच्या रासायनिक समीकरणानुसार ११४ ग्रॅम इंधनापासून १६२ ग्रॅम पाणी निर्माण होते. म्हणजे स्थूलमानाने एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळी दमट हवेला नेहमी दोष दिला जातो. तथापि ३० अंश सेल्सिअसच्या पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये बाष्प असते सुमारे ३० ग्रॅम, आणि एक लिटर पेट्रोल जाळण्यास नऊ-एक घनमीटर हवा लागते. म्हणजे कोकणातल्या भर आषाढातही बाहेरून येणारा जलांश ज्वलनातून निर्माण होणाऱ्या पाण्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढाच भरतो.

या वाफेचा अल्प भाग पिस्टन रिंगांजवळून निसटून क्रँककेसमध्ये उतरतो. तेथील वायू ओढून पुन्हा ज्वलनासाठी पाठविणारी पीसीव्ही झडप १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात वायुप्रदूषण रोखण्यासाठी मोटारींवर आली. तिच्यामुळे इंजिनातील वाफही बाहेर निघते, हा लाभ फेरबदल करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येतो. झडप काढून नुसती श्वासनळी मोकळी सोडली, तर दाब निघून जातो. पण क्रँककेसमधून वाहणारा ताज्या हवेचा प्रवाह थांबतो आणि वाफ आतच थंड होते. त्यातच ७१ अंशांवर उघडणारा थर्मोस्टॅट बसविला आणि गाडी रोज चार-पाच किलोमीटरच धावली, तर तेल पुरेसे तापतच नाही. शीतक द्रवाच्या मानाने तेल तापण्यास बराच अधिक वेळ लागतो, ही बाब येथे निर्णायक ठरते.

याउलट, तेल वेगळे करण्यासाठी लावलेल्या ‘कॅच कॅन’मध्ये दुधाळ द्रव साठणे हा दोष नव्हे. तो डबा थंड जागी असतो, वाफ तेथे द्रवरूप होते; डबा आपले काम करीत असल्याचेच ते लक्षण आहे.

अन्य मार्ग फेरबदलांनीच उघडलेले असतात. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोचार्जरमध्ये आणि ऑइल कूलरमध्ये तेल व शीतक यांच्यात केवळ धातूची एक भिंत असते. पाणी-मेथॅनॉल फवारणीची झडप गळकी असल्यास बंद इंजिनाच्या सिलिंडरमध्येही द्रव झिरपतो. थंड हवेसाठी फिल्टर बंपरमागे खाली बसविला असेल, तर तुंबलेल्या रस्त्यावर पाणी थेट आत ओढले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी फिल्टरची उंची हाच कळीचा मुद्दा ठरतो.

निदानाचा क्रम

प्रथम स्थान पाहावे. थर केवळ झाकणाला व वरच्या नळ्यांना असून डिपस्टिकवरील तेल स्वच्छ असेल, तर संघननाची शक्यता अधिक. डिपस्टिकवरच तेल ताकासारखे दिसत असेल, तर इंजिन सुरू करू नये; पाण्याने वंगणाचा पापुद्रा तुटतो आणि बेअरिंगचा धातू उघडा पडतो. तेल गरम तव्यावर टाकून पाहण्याची जुनी चाचणी आजही उपयुक्त आहे. सुमारे ०.१ टक्का पाणी असले तरी थेंब तडतडतो. अचूक प्रमाणासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फिशर यांनी १९३५ मध्ये मांडलेली अनुमापन पद्धती प्रयोगशाळांत वापरली जाते.

मात्र प्रमाणावरून स्रोत कळत नाही. त्यासाठी तेलात ग्लायकॉल, सोडियम व पोटॅशियम शोधतात, कारण ही द्रव्ये शीतकातून येतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांच्या रेडिएटरमध्ये नळाचेच पाणी भरलेले असते. अशा गाडीच्या तेलात ग्लायकॉल न आढळणे हा गॅस्केट शाबूत असल्याचा पुरावा मुळीच नव्हे.

वेळेचा विचारही तितकाच महत्त्वाचा. चालू इंजिनात तेलाचा दाब शीतकापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून कूलरची भिंत फुटल्यास आधी तेल रेडिएटरच्या पाण्यात दिसते. इंजिन बंद झाल्यावर मात्र शीतकाचा दाब काही काळ टिकतो व पाणी तेलाकडे वळते. टर्बोचा दाब वाढविल्याने हेडचे बोल्ट ताणले गेले असतील, तर ज्वलनवायू प्रथम शीतकात घुसतो. त्यामुळे डिपस्टिक स्वच्छ असतानाही गॅस्केट निकामी झालेले असू शकते. रेडिएटरमधील वायू ब्रोमोथायमॉल ब्लूच्या द्रावणातून सोडल्यास निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी अशा वेळी तेलाच्या तपासणीपेक्षा लवकर बोलते. सकाळी पहिल्या सुरुवातीस एखादा सिलिंडर अडखळणे, पांढरा धूर येणे आणि एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणे, ही लक्षणेही तिकडेच निर्देश करतात.

या चाचण्या निर्दोष निघाल्या व डिपस्टिकवरील तेलही स्वच्छ असले, तर पीसीव्हीचा मूळ मार्ग पूर्ववत करून, तेल बदलून गाडी सलग ५० किलोमीटर धावू द्यावी आणि शीतकाची पातळी खूण करून ठेवावी. थर पुन्हा न येता पातळी स्थिर राहिली, तर हेडला हात लावण्याचे कारण उरत नाही. पातळी उतरली, तर इंजिन थंड असताना शीतक यंत्रणेवर पंपाने दाब देऊन तो रात्रभर टिकतो का हे पाहावे व सकाळी स्पार्क प्लगच्या छिद्रांतून प्रत्येक पिस्टनचा माथा कोरडा आहे का, हे तपासावे.