चार्लीच्या खिशाला भोक

आखूड कोट, ढगळ विजार, हातात वेताची काठी आणि फेंगडी चाल. चार्ली चॅप्लिन म्हटले की पोरे हसू लागतात, मोठेही हसतात. पण तो कुणाला हसवतो आणि कुणाला हसतो, यातला फरक ओळखायचा असेल तर त्याचा 'द इमिग्रंट' हा १९१७ सालचा मूकपट पाहावा. इमिग्रंट म्हणजे पोटासाठी परमुलखात आलेला माणूस. चित्रपट दोनच रिळांचा, वीस-पंचवीस मिनिटांत संपतो.

चार्लीचा जन्म १८८९ चा, लंडनचा. बाप दारूत बुडालेला, आई आजारी. सातव्या वर्षी त्याला लॅम्बेथच्या गरीबखान्यात राहावे लागले. भूक त्याने पुस्तकात वाचलेली नव्हती!

चित्रपट सुरू होतो बोटीवर. गरिबांनी खच्चून भरलेली बोट हेलकावते, एकाच्या पुढ्यातली ताटली घरंगळत दुसऱ्यापुढे जाते. हसून पुरेवाट होते. मग दूरवर न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता दिसते. सारे डोळे भरून पाहतात. आणि त्याच क्षणी अधिकारी येऊन दोरी ताणतात, माणसांना गुरांसारखे दोरीआड ढकलतात. चार्ली पुन्हा एकदा त्या पुतळ्याकडे पाहतो. बस्स, एवढेच. संवाद नाही, भाषण नाही. थोड्या वेळाने तो अधिकाऱ्याच्या पार्श्वभागावर लाथ हाणतो, ती वेगळी!

याच न्यूयॉर्कमध्ये १९१३ ते १९१६ या काळात परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते विद्यार्थी म्हणून गेले होते, चार्लीच्या बोटीतले लोक पोटासाठी. पण शहर तेच आणि काळही जवळपास तोच.

पुढचा भाग हॉटेलातला. उपाशी चार्लीला रस्त्यात एक नाणे सापडते. खिशात टाकतो, पण खिशाला भोक! नाणे पुन्हा रस्त्यावर. याला पत्ता नाही. आत जाऊन ऐटीत जेवण मागवतो. बोटीवर भेटलेली मुलगी तिथेच बसलेली असते. तिच्या रुमालाची काळी किनार पाहून त्याला कळते की तिची आई गेली. तो तिलाही जेवू घालतो. तेवढ्यात शेजारच्या गिऱ्हाइकाला वेटर मंडळी बेदम झोडपतात. गुन्हा काय? बिलात दहा सेंट कमी पडले! चार्ली खिसा चाचपतो, आणि इथून पुढे जी धडपड आहे ती सांगण्यापेक्षा पाहावी. एवढेच सांगतो, शेजारचा चित्रकार याचे बिल द्यायला निघतो तेव्हा हा पठ्ठ्या ऐटीत नको नको म्हणतो. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा! शेवटी तो चित्रकारच आग्रह सोडतो.

पोट रिकामे आणि मान ताठ. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडच्या विनोदात गरिबाच्या बोलण्याची, रंगाची, कपड्यांची टिंगल कितीदा झाली आहे! चार्ली उपाशी माणसाची टिंगल करत नाही. हसे होते ते आडदांड वेटरचे आणि दोरीवाल्याचे.

अमेरिकेने याच चार्लीला १९५२ साली, तो बोटीने इंग्लंडला निघाला असताना, परतीचा परवाना रद्द करून दाराबाहेर ठेवले. पुढे १९९८ साली हाच चित्रपट तिथल्या राष्ट्रीय चित्रपट-ठेव्यात जतनासाठी निवडला गेला.

आता तो मोबाईलवरही फुकट पाहता येतो. रविवारी वंदना झाल्यावर विहारात मुलांना जरूर दाखवा. मधल्या इंग्रजी पाट्या थोड्याच आहेत, एखाद्या शिकत्या पोरीने मोठ्याने मराठीत सांगितल्या की आजीलाही सगळे कळेल.