पॅनेल दोन, वीज एकापेक्षाही कमी!

गाडीतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करून भटकंतीला निघणारी कुटुंबे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. अशा कॅम्परव्हॅनमधले दिवे, पंखा, मोबाइल, फ्रिज हे सारे छतावरच्या सौर पॅनेलवर आणि आतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. वीज कमी पडू लागली की पहिला विचार येतो तो आणखी एक पॅनेल बसवण्याचा. गोंधळ होतो तो नेमका इथेच.

समजा, पुण्यातल्या एका कुटुंबाच्या व्हॅनवर १०० वॅटचे पॅनेल आहे. सोबत मधुमेह असलेले आजोबा असतात आणि त्यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. म्हणजे फ्रिज मध्यरात्री बंद पडून चालणार नाही. म्हणून त्यांनी घराच्या छतावर बसवतात तसे ३०० वॅटचे पॅनेल आणले आणि जुन्याला जोडून टाकले. शंभर आणि तीनशे मिळून चारशे, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात लख्ख उन्हातही मीटरवर २७५ वॅटच्या आसपासच आकडा दिसतो. नवे पॅनेल एकटे जोडले असते, तरी याहून जास्त वीज मिळाली असती!

पॅनेल खराब नाही आणि दुकानदारानेही फसवलेले नाही. चूक आहे ती जोडणीत.

वॅट हा गुणाकार आहे

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. पॅनेलमधला प्रत्येक सौरघट काम करताना सुमारे अर्धा व्होल्ट देतो. १०० वॅटच्या पॅनेलमध्ये साधारणपणे ३६ घट असतात. ते सुमारे १८ व्होल्ट दाबाने साडेपाच अँपिअर विद्युतधारा देते. घरगुती ३०० वॅटच्या पॅनेलमध्ये बहुधा ६० घट असतात. त्याचे आकडे सुमारे ३२ व्होल्ट आणि साडेनऊ अँपिअर. म्हणजे दोघांचे व्होल्टही वेगळे आणि अँपिअरही वेगळे.

समांतर जोडणीत दोन्ही पॅनेलचे धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला जोडतात. इथे अँपिअरची बेरीज होते, पण दाब दोघांचा एकच राहतो. लहान पॅनेल १८ व्होल्टच्या फार वर काम करू शकत नाही. त्यामुळे ३२ व्होल्टच्या मोठ्या पॅनेललाही खाली उतरून १८ व्होल्टवर काम करावे लागते. दाब जवळपास निम्मा होतो, धारा मात्र जराशीच वाढते. १८ व्होल्ट गुणिले सुमारे १५ अँपिअर, म्हणजे पुन्हा पावणेतीनशेच्या घरात.

मग एकसर जोडणी करावी का? तिथे एका पॅनेलचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला जोडतात. व्होल्टची बेरीज होऊन ५० मिळतात, पण धारा दोघांतून एकच वाहते. अरुंद घाटात पुढे जड ट्रक असेल, तर मागच्या वेगवान गाडीलाही त्याच गतीने जावे लागते. तसेच इथे होते. साडेपाच अँपिअरच्या पॅनेलमागे साडेनऊचे अडकते. ५० गुणिले साडेपाच, उत्तर तेच २७५. पॅनेलमधल्या बायपास डायोडमुळे लहान पॅनेलला वळसा घालून धारा वाहू शकते. तसे झाले तर मोठ्याचे जेमतेम ३०० वॅट मिळतात आणि लहान पॅनेल नुसते छतावर बसून राहते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र एमपीपीटी चार्ज कंट्रोलर द्यावा आणि दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीला जोडावेत. मग जो तो आपापल्या योग्य दाबावर काम करतो आणि चारशेच्या जवळ पोहोचता येते. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर मोठ्या पॅनेलला चालत नाही. तो पॅनेलचा दाब बॅटरीच्या पातळीवर, म्हणजे १३-१४ व्होल्टवर आणतो आणि अर्ध्याहून अधिक वीज वाया जाते.

दुसरे पॅनेल अजून विकत घ्यायचे असेल, तर एक नियम लक्षात ठेवावा. समांतर जोडायचे असेल तर व्होल्ट जुळवावेत, एकसर जोडायचे असेल तर अँपिअर जुळवावेत. १८ व्होल्टच्या १०० वॅट पॅनेलशेजारी तेवढ्याच व्होल्टचे २०० वॅटचे पॅनेल समांतर जोडले, तर काही बिघडत नाही.

इथे जपावे

वीज कमी मिळणे हा झाला तोटा, पण काही चुका धोक्याच्या असतात. काहीही न जोडलेल्या पॅनेलचा दाब कामाच्या दाबापेक्षा जास्त असतो. वरची दोन पॅनेल एकसर जोडली, तर तो ६० व्होल्टच्या वर जातो. थंडीत तो आणखी वाढतो. २५ अंशांच्या खाली प्रत्येक अंशाला साधारण ०.३ टक्के, या हिशेबाने लडाखमधल्या उणे १५ अंशांच्या सकाळी तो ७० व्होल्टच्या जवळ पोहोचतो. कंट्रोलरची मर्यादा त्याहून कमी असेल, तर तो जळू शकतो.

घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. पॅनेल आणि बॅटरीच्या डीसी विजेत तसे होत नाही. सैल जोडणीतली ठिणगी पेटती राहू शकते, आणि व्हॅनमध्ये भोवती लाकूड, फोम, कापडच असते. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवा, वायर पुरेशी जाड हवी आणि कनेक्टर एकाच कंपनीचे हवेत. जोडणी करताना पॅनेल जाड कापडाने झाकावे, कारण ऊन पडले की ते बंद करता येत नाही. कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मग पॅनेल जोडावे. काढताना उलट क्रम पाळावा.

आजोबांच्या इन्सुलिनसाठी गार ठेवणारी वेगळी पिशवीही जवळ असलेली बरी. मात्र इन्सुलिन गोठू देऊ नये, म्हणून ते बर्फाला टेकवून ठेवू नये. आणि पुढचे पॅनेल घेताना किंमत विचारण्याआधी ते उलटे करून मागची चिठ्ठी वाचावी. वॅटचा आकडा ठळक असतो, पण जोडणी ठरते ती त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या व्होल्ट आणि अँपिअरवर.