मोठ्या निवासाचे उद्यान

घराभोवतीची जागा चार गुंठ्यांची असली म्हणजे बाग कशी करावी हे जागाच सांगते. दारापुढे तुळस, कुंपणाशी जाई, विहिरीपाशी केळी आणि अळू, एवढ्याने ती भरून जाते. तीच जागा पंधरा एकरांची असेल, तर मात्र रचनाकाराची कसोटी लागते. अफाट मोकळ्या आवारात घर पोरके दिसते आणि माणूस खुजा. असा विस्तार माणसाच्या पावलांच्या मापात आणणे, हेच मोठ्या उद्यानाच्या रचनेतील मर्म होय.

नवी दिल्लीच्या राष्ट्रपती भवनामागील उद्यान हे याचे उत्तम उदाहरण आहे. दीर्घकाळ ‘मोगल उद्यान’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या बागेला २०२३ मध्ये ‘अमृत उद्यान’ हे नाव मिळाले. तिचा आराखडा वास्तुशिल्पज्ञ सर एडविन लट्यन्स यांनी १९१७ मध्येच निश्चित केला होता. लागवड मात्र १९२८-२९ मध्ये, उद्यानतज्ज्ञ विल्यम मस्टो यांच्या देखरेखीखाली झाली.

भवनालगतचा भाग चौकोनी आहे. दोन पाट दक्षिणोत्तर आणि दोन पूर्वपश्चिम वाहतात, त्यांच्या छेदांवर कमळाकृती कारंजी उडतात. मोगलांच्या चारबागेची ही परंपरा. इमारतीच्या सरळ रेषा येथे जणू जमिनीवर उतरतात, आणि घर व बाग ही एकाच कल्पनेची दोन अंगे वाटू लागतात. पुढे उंच भिंतींमधील लांबट बाग लागते. तेथे दुतर्फा गुलाब आहेत आणि मधल्या वाटेवर तांबड्या दगडाचा, वेलींनी झाकलेला मांडव आहे. शेवटी वर्तुळाकार, खोलगट बाग येते. फुलांचे ताटवे टप्प्याटप्प्याने मधल्या तळ्याकडे उतरत जातात. अशा रीतीने मोकळ्यातून अरुंदात आणि अरुंदातून निवांत कोपऱ्यात येता येता, ३४० दालनांचा तो प्रासाद पाहणाऱ्याच्या मनावरून नकळत दूर होतो.

रचनाकाराला आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. ते म्हणजे काळाचे. पाट आणि भिंती बांधून होताच पुऱ्या होतात. झाडांचे तसे नाही. चौकोनी बागेतील छत्रीसारखे कातरलेले बकुळ सावकाश वाढणारे. रोप लावताना वीस वर्षांनंतरची सावली ज्याला दिसत नाही, त्याने केलेली दाटी पुढे कुऱ्हाडीनेच निस्तरावी लागते.

ही बाग मुळात व्हाइसरॉयच्या निवासासाठी आखली गेली. स्वातंत्र्यानंतर चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथील काही जमीन नांगरून गहू पिकविला. पुढे बाग जनतेसाठीही खुली झाली, आणि आता बहराच्या दिवसांत देशभरचे लोक तिच्या वाटांवरून हिंडतात. एका कुटुंबाकरिता आखलेली जागा इतक्यांना आपली वाटते, याचे कारण तिची मापे सत्तेच्या थाटाला शोभत असूनही चालणाऱ्याच्या पावलांना विसरलेली नाहीत.