वैराचा वारसा नको!

मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ. १६ व्या शतकात नेदरलँड्समध्ये होऊन गेलेल्या मेनो सायमन्स यांच्यावरून हे नाव पडलं. शस्त्र उचलायचं नाही, वैऱ्याचाही सूड घ्यायचा नाही, ही त्यांची शिकवण. ऐकायला सोपी वाटते. पण घरातला कर्ता माणूसच मारला गेला तर?

मर्लिन ग्रोव्ह हा कॅनडातला मेनोनाइट, बायको-मुलांत रमणारा संसारी माणूस. बायको डोरोथी आणि तीन लेकरांसह तो सोमालियातल्या मोगादिशूत राहत होता. तिथे मेनोनाइटांचं मिशन शिकवण्याचं काम करायचं. परके लोक आपली माणसं बाटवतील, अशी धास्ती मात्र स्थानिकांना होती. १९६२ मध्ये सरकारने मिशनचं काम काही काळ बंदही ठेवलं होतं.

ते पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी जुलै महिन्यात मर्लिन इंग्रजीच्या वर्गासाठी मोठ्या माणसांची नावं लिहून घेत होता. तेवढ्यात एकाने त्याच्यावर सुऱ्याने वार केले. डोरोथी धावत आली, तर तिच्याही पोटात सुरा खुपसला. ती वाचली, मर्लिन गेला.

पोटावर जखम, पदरात तीन मुलं. तरीही डोरोथीने मारेकऱ्याला क्षमा केली. मेनोनाइट शिक्षकही गाशा गुंडाळून पळाले नाहीत. १९७६ पर्यंत ते सोमालियात काम करत राहिले.

मैत्रिणींनो, क्षमेने गेलेला माणूस परत येत नाही. मुलांना बापाची उणीव भासायची ती भासतेच. पण त्यांच्या वाट्याला वैर ठेवायचं की नाही, हे आईच्या हातात असतं. डोरोथीने ते ठेवलं नाही.